वाचकांचे प्रश्न : पार्किंगमधली चौदा मांजरे

प्रश्न : चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक मांजरी आणि तिचे एक पिल्लू आले, आणि मी त्यांना उरलेली दूधपोळी घालू लागले. आज तिथे चौदा मांजरे आहेत. रोज दूधभात आणि कोळीण देते ती माशांची डोकी मी त्यांना घालते. आता काही सभासद घाण वासाची, दुचाकींच्या फाटलेल्या सीटची आणि रात्रीच्या आरडाओरड्याची तक्रार करतात. खाणे घालण्यास बंदी करावी आणि मांजरे पकडून मासळीबाजारात सोडावीत, असा ठराव गेल्या सभेत मांडला गेला. माझे काही चुकते आहे का, आणि आता मी काय करावे?
(एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : तुम्ही मांजरांना खाणे घातले यात गैर काहीच नाही, पण चार वर्षे नुसते खाणेच घातले, आणि चौदाचा आकडा तिथून आला आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, काही तर चौथ्या महिन्यातच येतात. गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा असतो, एका वेतात साधारण तीन ते पाच पिल्ले होतात, आणि ती अंगावर पीत असतानाच आई पुन्हा गाभण राहू शकते. पोटभर खाणाऱ्या मांजरीची वर्षाला दोन, प्रसंगी तीन वेते होतात. हा हिशेब चार वर्षे चालवला, तर चौदा हा आकडा मोठा नसून आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. उघड्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक सहा महिन्यांचीही होत नाहीत. काही गाडीखाली जातात, काही पावसात गारठतात, काहींना कुत्री मारतात, आणि पुष्कळशी साथीच्या रोगात जातात. म्हणजे चौदा हा जगलेल्यांचा आकडा आहे. मेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

म्हणून खाणे आणि नसबंदी ही दोन कामे वेगळी समजू नका. रोज ठरल्या वेळी खाणे मिळते म्हणून मांजर ठरल्या जागी येते, आणि येते म्हणूनच ते पकडता येते. खाणे बंद केले तर मांजरे नाहीशी होत नाहीत, ती फक्त विखुरतात. मग त्यांना पकडणेही अशक्य होते आणि ती कचऱ्याच्या डब्यांवर जगत वीत राहतात.

आधी खाण्याचे पाहू, कारण त्यात सुधारणा उद्यापासून करता येईल. मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण म्हणतो खरे, परंतु मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना गाईम्हशीच्या दुधातली साखर पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. तुमच्या सभासदांना येणाऱ्या वासात या दूधभाताचा वाटा असणार, हे मी बरेच पार्किंग पाहून सांगतो. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावे लागते. ते दीर्घकाळ कमी पडले तर दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. कुत्र्यांच्या कोरड्या खाद्यात ते मांजराला पुरेल इतके असेलच असे नाही, त्यामुळे स्वस्त पडते म्हणून तेच मांजरांपुढे ओतू नये. तीन-साडेतीन किलो वजनाच्या मांजराला मांजरांचे कोरडे खाद्य दिवसाला ५० ते ६० ग्रॅम पुरते, म्हणजे चौदा मांजरांना साधारण पाऊण किलो.

हा खर्च झेपणार नसेल तर कोंबडीचे मांस, कलेजी-पेटा आणि हृदय थोड्या पाण्यात शिजवून त्यात मूठभर भात कुस्करावा. मीठ, हळद, तिखट काहीही नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, कारण त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेले पाणी ओतून देऊ नका, टॉरिनचा बराचसा अंश त्यातच उतरलेला असतो. कलेजी एकूण मांसात थोडीच ठेवावी. माशांची डोकी उकडून, मोठे काटे काढून, आठवड्यातून एक-दोनदा घालण्यास हरकत नाही. रोज कच्चे मासे मात्र नकोत, कारण काही माशांमधील घटकाने ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते. शिजवलेल्या कोंबडीची हाडे घालू नयेत, ती चिरफळून घशात किंवा आतड्यात रुततात.

खाण्याइतकीच ते घालण्याची रीत महत्त्वाची आहे. सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळ, ठरावीक जागा, आणि अर्ध्या तासानंतर ताटल्या उचललेल्या. रात्रभर पडून राहिलेले खाणे मांजरे खात नाहीत, उंदीर आणि घुशी खातात. (मांजरे असूनही घुशी कशा, असे सभासद विचारतात. पूर्ण वाढलेली घूस किलोभर वजनाची असू शकते, आणि शहाणे मांजर तिच्या वाटेला सहसा जात नाही.) एकाच ढिगाऐवजी चार-पाच ताटल्या अंतराअंतरावर ठेवाव्यात, नाहीतर दांडगे बोके आधी खातात आणि भित्र्या मांजरी उपाशी राहतात. मुंग्या लागत असतील तर आपल्या आयांनी दुधाच्या पातेल्यासाठी केले तेच करावे, परातीत पाणी घालून तिच्यात ताटली ठेवावी. पिण्याचे पाणी खाण्यापासून थोडे दूर, मातीच्या पसरट कुंडीत ठेवून रोज बदलावे. पावसाळ्यात हे पाणी आठवडाभर तसेच राहिले तर त्यात डेंग्यूचे डास होतात, आणि मग तक्रार करणारा सभासद खरोखरच बरोबर ठरतो.

आता पकडण्याविषयी. तुमच्या भागातील महापालिका किंवा प्राणिकल्याण संस्था मांजरांची नसबंदी करते का याची आधी चौकशी करावी आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावरच पिंजरा लावावा. आधी मांजर पकडून मग दवाखाना शोधणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यात मांजराचे फार हाल होतात. एक वही घ्या. प्रत्येक मांजराचा फोटो, रंग, नर की मादी, आणि शस्त्रक्रिया झाल्याची तारीख तिच्यात लिहा. आधी मादींचा नंबर लावा. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येऊ लागतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जितक्या मादी उरकतील तितके पुढचे वर्ष सोपे जाईल.

पिंजरा लावायच्या आधी तीन-चार दिवस त्याचे दार दोरीने बांधून उघडे ठेवावे आणि रोजचे खाणे त्याच्यातच घालावे. पहिल्या दिवशी सगळी दुरून पाहतील, तिसऱ्या दिवशी धीट मांजरी आत बसून तोंड धुताना दिसेल. प्रत्यक्ष पकडण्याच्या आदल्या रात्रीचे जेवण कोणालाही घालू नये, कारण उपाशी मांजरच आत शिरते आणि भूल देण्यासाठीही मोठ्या मांजराचे पोट रिकामे असावे लागते. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवू नये. त्यांच्यासाठी किती तास, ते डॉक्टरांना विचारावे. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरा, अगदी आतल्या टोकाला बांगड्याचा तुकडा किंवा चमचाभर सुकट ठेवा, आणि दूर जाऊन थांबा. फळीवर पाय पडला की दार खाली येते आणि त्या आवाजासरशी मांजर पिंजऱ्याच्या जाळीवर नाक रक्ताळेपर्यंत धडका देते. नवख्या माणसाचा धीर इथे सुटतो आणि तो दार उघडतो. तसे न करता जुनी चादर पिंजऱ्यावर पूर्ण टाकावी. अंधार झाला की मिनिटभरात ते शांत बसते. एकदा सुटलेले मांजर पुन्हा त्या पिंजऱ्यात शिरायला कित्येक महिने घेते, म्हणून एवढे सांगितले.

पकडलेल्या मादीचे स्तन पाहण्यास डॉक्टरांना सांगा. ती दूध पाजत असेल तर तिची पिल्ले कुठेतरी वाट पाहत असतात, आणि ती स्वतः खाऊ लागेपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत, तिला सोडून देऊन नंतर पकडणे बरे. शस्त्रक्रियेच्या वेळीच रेबीजची आणि मांजरांच्या तीन रोगांवरील एकत्रित लस टोचून घ्यावी, कारण हे मांजर पुन्हा आपल्या हाती लागेल याची खात्री नसते. भूल असतानाच एका कानाचे टोक सरळ कापतात. ते क्रूर वाटते, परंतु पुढे लांबूनच ओळख पटते आणि त्याच मांजरीचे पोट दुसऱ्यांदा फाडले जात नाही. नराला साधारण एक दिवस आणि मादीला दोन-तीन दिवस पिंजऱ्यात विश्रांती देऊन, जिथून पकडले तिथेच, खाण्याच्या वेळी सोडावे.

सभासदांच्या तक्रारी खोट्या नाहीत, त्या फेटाळून लावू नका. बहुतेक तक्रारींचे मूळ नसबंदी न झालेल्या बोक्यांत आहे. भिंतींवर आणि टायरांवर मुतून हद्द आखणे, रात्री भांडणे, माजावरच्या मादीमागे ओरडत फिरणे, हे सारे शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत पुष्कळ कमी होते. सीट फाटतात कारण नखांना धार लावायला दुसरे काही मिळत नाही. एका लाकडी ओंडक्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून तो कोपऱ्यात उभा करा. विष्ठेसाठी बागेच्या मागे वाळूचा एक चौकोन करून तो रोज साफ करावा, आणि हे काम तुम्ही स्वतः करताना सभासदांना दिसू द्यावे. गाडी सुरू करण्यापूर्वी बोनेटवर दोन थापा मारण्याची सूचना फलकावर लावली, तर इंजिनाच्या उबेला बसलेली पिल्ले वाचतील.

मासळीबाजारात सोडण्याच्या ठरावाविषयी. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावे आणि आपण घरी पोहोचण्याआधी ते ओट्यावर हजर असावे, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. ती थोडी तिखटमीठ लावलेली असली, तरी मांजराला आपल्या हद्दीची ओढ असते हे खरे आहे. जे परतत नाही ते बाजारातल्या मांजरांकडून मार खाते. इकडे तुमच्या पार्किंगमध्ये आडोसा आणि कचरा शिल्लकच असतो, त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत शेजारून नवी, नसबंदी न झालेली मांजरे येतात. कायद्याची बाजूही समितीपुढे शांतपणे ठेवा. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक अधिनियम, १९६० लागू आहेच. त्याखालील प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनुसार सामूहिक प्राण्यांना (म्हणजे वस्तीतल्या, मालक नसलेल्या प्राण्यांना) खाणे घालण्याची योग्य व्यवस्था लावणे ही रहिवासी संघटनेची जबाबदारी आहे, आणि ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून व ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर असावी असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे ते नियम तुमच्यावरही बंधन घालतात. कोणी विष घालण्याची भाषा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्यास मारणे, विष देणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, एवढे सांगणे पुरेसे आहे. तरीही माझा अनुभव असा, की सभेत कलमे वाचून दाखवणाऱ्यापेक्षा वही उघडून ‘चौदापैकी नऊ झाली, पाच राहिली’ असे सांगणाऱ्याचे ऐकले जाते.

प्रश्न : माळ्यावरच्या खोक्यात मांजरीची तीन पिल्ले सापडली. आई दिसत नाही. त्यांना घरात आणून दूध पाजावे का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे जे म्हणतात, त्यातला सातचा आकडा सोडला तरी ती जागा बदलते हे खरे, आणि एकेक पिल्लू नेताना मधला काळ उरलेली एकटी असतात. दुरून काही तास पाहा. गुबगुबीत, ऊबदार, शांत झोपलेली पिल्ले म्हणजे आई येऊन जात आहे. पिल्ले थंडगार पडली असतील, पोट खपाटीला गेले असेल आणि ती सतत ओरडत असतील, तरच हात घाला. त्यांना आधी ऊब द्यावी, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही आणि ते दगावते. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. दूध गाईचे नको, मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी वापरा, आणि पाजताना पिल्लू पालथे धरा, माणसाच्या बाळासारखे उताणे नव्हे, नाहीतर दूध फुफ्फुसात जाते. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून शी-शू करवावी लागते. हे पेलणार असेल तरच आणा.

प्रश्न : सून गरोदर आहे. मी गच्चीवर चार मांजरांना खाणे घालतो. घरातील मंडळी ते बंद करण्यास सांगत आहेत.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : बंद करण्याचे कारण नाही, सुनेने मांजरांची विष्ठा न काढणे पुरेसे आहे. भीती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची आहे आणि ती निराधार नाही, परंतु मांजराला हात लावल्याने हा संसर्ग होण्याची शक्यता फारच कमी असते. तो विष्ठेतून पसरतो, आणि ताजी विष्ठा संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज तुम्ही हातमोजे घालून काढा. सुनेने कुंड्यांतील मातीत हात घालू नये, पालेभाज्या नीट धुवाव्यात आणि अर्धेकच्चे मांस खाऊ नये. हा संसर्ग पुष्कळांना स्वयंपाकघरातूनच होतो. मांजराने कोणालाही चावा घेतला किंवा ओरखडले, तर मात्र जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीज मांजरापासूनही होतो.

प्रश्न : आमच्या एका बोक्याच्या अंगाला चटका लागावा इतका ताप आहे, गालावर सूज आहे. घरातली पॅरासिटामॉल अर्धी गोळी दिली तर चालेल का?
(एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : नाही. अर्धीही नाही, पावही नाही. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करता येत नाही आणि एका गोळीने मांजर मरते. गालावरची सूज बहुधा भांडणात घुसलेल्या दाताने झालेला पू आहे. तो डॉक्टरांकडून काढवून प्रतिजैविक सुरू करावे लागेल. याच कारणाने आणखी एक इशारा : कुत्र्यांच्या मानेवर घालायचे गोचीडनाशक थेंब मांजरांवर वापरू नका. त्यांतल्या परमेथ्रिनने मांजराला झटके येतात. आणि एखादे पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून, न पिता, तसेच बसून राहिलेले दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. ही पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य साथीच्या रोगाची खूण असू शकते आणि त्यात पिल्ले एका रात्रीत जातात. त्याचा विषाणू जागेवर वर्षभरही टिकतो, त्यामुळे तिथल्या ताटल्या ब्लीचच्या पाण्याने धुवाव्यात आणि लस न टोचलेली नवी पिल्ले तिथे आणू नयेत.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. अकरा वर्षे मी आमच्या चाळीमागच्या मांजरांना खाणे घालतो. आता सहा राहिली आहेत आणि सहांचीही शस्त्रक्रिया झालेली आहे. पुढील महिन्यात मी मुलाकडे कायमचा राहायला जाणार आहे. त्यांना बरोबर न्यावे का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : नेऊ नये. माणसांत न वाढलेले मोठे मांजर फ्लॅटमध्ये कपाटामागे बसून राहते, खात नाही आणि आजारी पडते. त्यांचे घर चाळीमागचा आडोसा आहे. चाळीतला कोणीतरी शोधा, एकच नव्हे तर दोघे, म्हणजे एक गावाला गेला तर खाडा पडणार नाही. उरलेल्या महिन्यातले पहिले दोन आठवडे त्यांना रोज तुमच्याबरोबर न्या. त्यांनी नुसते शेजारी उभे राहावे. पुढचा आठवडा खाणे त्यांनी घालावे आणि तुम्ही शेजारी उभे राहावे. शेवटच्या आठवड्यात तुम्ही जिन्यातूनच पाहा, खाली उतरू नका. तुमची वही असेल तर ती द्या, नसेल तर सहा मांजरांची माहिती एका कागदावर लिहून द्या : कोणते कोणाशेजारी खात नाही, कोणाचे दात पडले आहेत आणि त्याला मऊ भात लागतो, कोणती मांजरी पाऊस असला की उशिरा येते. तुम्ही खाणे घालताना डबा कसा वाजवता, चमच्याने की झाकणाने आणि किती वेळा, तेही त्यांना दाखवा, आणि जाताना तो डबा तिथेच ठेवून जा.